अपूर्णांक

नारिनमध्ये शाळा सुटते तेव्हाच अंधारलेलं असतं.
शेगडीत कोळसा ढकलून आयचुरोक वही उघडते.
काय शिकवलं ते टाचणात आहेच,
इथे फक्त ऐकलेलं लिहायचं.

चौथी ब. नान एक, सुरी एक, भाग आठ.
पोरं खूश.
एर्जिगित म्हणाला, बाई, नान कापत नाहीत, मोडतात.
आणि मोठा तुकडा पाहुण्याचा.
मी म्हटलं, चूक.

इथे पेन अडतं.
घड्याळाकडे बघत ती दोघांची वाक्यं
पुन्हा म्हणून पाहते, मोठ्याने, एकटीच.
'पाहुण्याचा'मधला 'चा' संपायच्या आत
तिची 'चूक' येऊन पडलेली.

वर अंश, मध्ये रेघ, खाली छेद.
एकोणीस वर्षं हेच फळ्यावर.

कोण पाहुणा, विचारलं नाही, असं लिहिते.
खोडते.
खोडलेल्याच्या खाली तेच पुन्हा लिहिते.
मग आठवतं, बाप ओम्स्कला बांधकामावर,
वर्षातून एकदा येतो,
दहा दिवस.

आठवा तुकडा फडक्यात राहिलाय, कडक.
ती तो हाताने मोडते.
एक भाग बोटभर, एक तळहाताएवढा,
बाकी चुरा.

मोठा, पालथा पडलेला, सरळ करून ठेवते
आणि तारीख घालते.