नळाचं पाणी

कॅम्पेचे. सरकारी इस्पितळ, तळघर.
इथे सगळं आधी थांबवायचं असतं.
फॉर्मालिन म्हणजे एवढंच सांगणं:
जशी आहेस तशी राहा,
कुजू नकोस,
उद्या सकाळपर्यंत तरी.

मग अल्कोहोल. सत्तर, ऐंशी, पंच्याण्णव, निखळ.
पाणी घाईनं काढलं तर पेशी आखडतात,
म्हणून पायरीपायरीनं.
मग झायलीन, मग साठ अंशांवरचं मेण,
आणि मेणाच्या ठोकळ्यातून उतरलेली
चार मायक्रॉनची साय
कोमट पाण्यावर तरंगते. तिच्यात
दिसत काहीच नाही.
शरीराला स्वतःचा रंग फारसा नसतो,
हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं.

रंग हेमॅटॉक्सिलिनचा. बाटली जर्मनीहून येते.
भुकटी मी विरघळवते, तुरटी घालते, महिनाभर मुरवते.
तुरटीवाचून तो धरत नाही,
आल्या पावली निघून जातो.
काचेवर चढतो तो काळपट लाल.
निळा होतो नळाखाली.
नियमावलीत त्यासाठी वेगळं द्रावण सांगितलंय,
पण आमचं पाणी चुनखडीतून येतं,
किटल्या पांढऱ्या करतं, केस राठ करतं
आणि पाच मिनिटांत एकूण एक केंद्रक
निळं.
द्रावणाची बाटली मी अजून फोडलेली नाही.

मंगळवारी डॉन एलेउतेरियो काविच जिना उतरून आले.
रिपोर्ट वर मिळतो, म्हटलं.
रिपोर्ट नको, म्हणाले. मला मी दाखवा.

नियमात बसत नाही.
दाखवलं.
टोपी काढून, एक डोळा मिटून
ते कितीतरी वेळ भिंगावर वाकून राहिले.
मी मनात वाक्यं जुळवत होते,
इथे जे दाट दिसतंय ना, ते...

"गुलाबी ओळखत नाही मी," ते म्हणाले,
"पण हा पालो दे तिंते. आमच्या खाडीतलं झाड.
बाबा मांडीभर चिखलात उभे राहून तोडायचे.
पांढरं तासून टाकायचं, लाल गाभा तेवढा बोटीत.
रविवारी चर्चमध्ये हात खिशात घालून बसायचे,
तळव्यांचा रंग जायचा नाही."

स्वतःचे तळवे त्यांनी उलटेपालटे करून पाहिले.
"मला वाटायचं, माझ्यापर्यंत काही आलंच नाही."

आणि हे निळं कशानं?
नळाच्या पाण्यानं, मी म्हटलं.

जाताना जिन्याखालच्या नळाला
त्यांनी ओंजळ लावली,
प्यायले, तोंड वाकडं केलं,
पुन्हा प्यायले.

वर सही व्हायची होती अजून.