शंभराला एक बाजूला

तांबळडेगला पडवीत, माशांच्या रिकाम्या क्रेटवर
मी बोर्ड मांडलाय, काडेपेटीहून जेमतेम मोठा.
नाथामामाला जाळ्याच्या बोयावर दिवा हवाय.
"ट्रॉलरवाल्यांका दिसाक होयो, सुरंगे.
पण नुसतो पेटान ऱ्हवलो तर तेंका होडी वाटतली.
लुकलुकाक होयो."

पहिल्या रात्री मी त्याला मोजायला लावलं
लपाछपीत मोजतो तसं, डोळे मिटून.
दिवा लुकलुकला.
बटण दाबलं तर ढिम्म.
मोजणाऱ्याला हाक ऐकू येत नाही,
हे आईने मला कितीदा ऐकवलंय.

मग माहितीपत्रकाच्या मधल्या पानांत सापडला
चिपच्याच पोटात बसलेला एक मोजणारा.
तो कुणाला विचारत नाही, कुणाला अडवत नाही.
सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके,
आणि त्याच्या घरात मावतात
फक्त पासष्ट हजार पाचशे पस्तीस.
पुढच्या ठोक्याला पुन्हा शून्य,
पापणी अजून अर्ध्यावर असते तोवर.

तेव्हा आठवला सोनू पाडेली.
दोन हातांत दोन-दोन नारळ, ओठ न हलवता,
शंभर झाले की एक बाजूला.
संध्याकाळी ढिगाकडे बघायचाच नाही.
बाजूचे मोजायचा: अकरा.
अकराशे, वर तीस सुटे. कधी चुकला नाही.

मी दोन बिट उभे केले.
हजार चोवीस ठोक्यांना एक बाजूला.
सेकंदाला उरले पंधरा हजार सहाशे पंचवीस.
लिहायचे मात्र चोवीस,
कारण मोजणी शून्यापासून,
रिकामा हात हीसुद्धा एक खेप.
(सोनू हे कबूल करणार नाही.
रिकाम्या हाताचे पैसे त्याला कुणी दिले नाहीत.)

चिपला म्हटलं, झोप आता.
मोजणारा जागा आहे.

लोणच्याच्या बरणीत, झाकणाला मेण लावून
मामाने दिवा नेला.
मी वाळूत बसून मोजत राहिले.
एक सेकंद आहे, एक सेकंद नाही.
एक्केचाळीसला आईची हाक: "गो, पेज निवता!"
ओ दिली, आणि आकडा गेला.

मागे वळले तेव्हा दिवा लागलेला होता.
कितव्यांदा, ते त्यालाही ठाऊक नसणार.
तो दर खेपेला शून्यावरूनच निघतो.

सकाळी मामा पायरीवर पाय धूत म्हणाला,
"जाळा शाबूत आसा.
बांगडे मात्र मोजून सात."