नव्वद

पुस्तक घरी मिळत नसे.
आतल्या पानावर जांभळा शिक्का: फक्त येथेच वाचावे.
मुखपृष्ठावर टीव्हीपुढे बसलेला मुलगा, शेजारी त्याचे वडील,
मागे ट्रे घेऊन उभी आई.
मुलगी नव्हतीच चित्रात.

मांडवीच्या लायब्ररीत काचेची जमीन.
वरच्या मजल्यावर कुणी चाललं की
पानावरून चपलांच्या सावल्या सरकत.
त्या सावल्यांखाली बसून
चंद्रावर उतरायचा प्रोग्रॅम मी चार दुपारी
गणिताच्या चौकोनी वहीत उतरवून घेतला,
एकेक कंस, एकेक अवतरणचिन्ह.
शून्यावर तिरकी रेघ मारायची, ओ या अक्षरावर नाही,
हे काउंटरवरच्या दिघेकाकांना समजावताना
पहिल्यांदाच वाटलं, मला काहीतरी येतंय.

मशीन होतं पूर्वी अमीनकडे.
तिच्या मामांनी लेस्टरहून आणलेलं, रबरी बटणांचं,
नव्या खोडरबरासारखा वास येणारं.
टेपला जोडायची वायर मामा तिकडेच विसरले,
म्हणून स्विच बंद केला की सगळं पुसलं जाई
आणि दर शनिवारी दांडिया बाजारातल्या त्या माळ्यावर
आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून.

मी वाचायची, ती टाइप करायची.
ओळींचे आकडे तीच घाली, माझी वाट न बघता,
दहा, वीस, तीस.
(मधे नऊ जागा मोकळ्या ठेवाव्यात, असं पुस्तकात होतं,
काही राहून गेलं तर.)
पुढचं मी मराठीत सांगे, ती तिच्या कानांनी घेई.
अल्पविराम दोघींचा एकच.
माझा कंस तिचा कौंस.
ओळ संपली की मान वर न करता म्हणे, पछी?

यान मस्त चाले.
फक्त इंधन एकदा कमी झालं
की पुन्हा कमी होत नसे.
तिचे पप्पा बातम्या लावायला येईपर्यंत
आम्ही चंद्राच्या वर लटकत असू,
हातात चिवड्याची वाटी.
वाटायचं, आपण फारच छान चालवतो.

सत्त्याऐंशीत ती गेली. मशीन भंगारात.

काल वही सापडली, विजेच्या बिलांच्या फायलीत.
दोनशे दहावी ओळ: गो टू नव्वद.
आणि नव्वदाव्या ओळीवर, इंधनातून एक वजा.
मोठ्याने वाचलं आणि तिथेच थांबले.
नव्वदला तिच्या घरी नेवुं म्हणतात.
नव्वाणुं म्हणजे नव्व्याण्णव.
माझं नव्वद दर शनिवारी तिला नव्व्याण्णव ऐकू येत होतं
आणि नव्व्याण्णवावी ओळ तर आम्ही लिहिलीच नव्हती,
तेव्हा बिचारं मशीन कुरकुर न करता
सरळ शंभरावर जायचं,
इंधनाच्या ओळीला वळसा घालून.

हे कळायला अडतीस वर्षं.

रात्री फोन लावला. तिकडे संध्याकाळ,
मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी इंग्रजीत भांडत होतं.
म्हटलं, पेन आहे? लिही.
दोनशे दहा. गो टू नव्वद.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग तिने आकडा परत म्हणून दाखवला,
तेव्हा ऐकायची तसाच.

मी दुरुस्त केला नाही.

पछी? ती म्हणाली.