रेघेच्या वर

विश्राम तारू चित्रं काढायचे, मी फुगे भरायचे.
फुगे म्हणजे बोलण्याचे,
पात्राच्या तोंडाकडे शेपूट वळवलेले,
आत माझं टाकाचं अक्षर.
पानामागे तीन रुपये, चहा तारूंचा.

अप्पा बळवंत चौकामागे छापखान्याचा पोटमाळा.
खाली ट्रेडल सुरू झालं की टेबल हलायचं
आणि भुताची बोटं आपोआप थरथरती उमटायची.
"राहू दे," तारू म्हणायचे, "फुकट मिळालंय."

त्याआधी त्यांनी दंतमंजनाच्या पुड्यांवर दात काढले होते,
लक्ष्मी रोडच्या एका दुकानासाठी
चेहरा नसलेल्या बायका, नऊवारीत,
आणि एका बालमासिकात ससा.
तिसऱ्या गोष्टीत ससा विहिरीत डोकावतो
आणि विहीर त्याच्याकडे बघते.
संपादकांनी ससा परत पाठवला,
उरलेल्या तिकिटांसकट.

छापखान्याच्या शेठनी मात्र विचारलं,
असे आणखी किती आहेत?
एक्केचाळीस निघाले.
'रात्रपाळी', दर महिन्याला, किंमत दोन रुपये.

त्यातला तो विजेचं मीटर वाचणारा माणूस मला अजून भेटतो.
बंद घर, आत कुणी राहत नाही, मीटर फिरतंय.
तो दर महिन्याला आकडा टिपून घेतो.
एका महिन्यात आकडा त्याच्या वयाइतका भरतो.
पुढच्या पानावर नुसतं मीटर. थांबलेलं.
त्या पानाचे पैसे मी मागितले नाहीत, लिहायलाच काही नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या एका मास्तरांनी
पटांगणात अंकांची होळी केली.
त्या आठवड्यात दुसरी आवृत्ती काढावी लागली.

मला रेघ कळली ती फुग्यांमुळे.
घर असो, कचेरी असो, शवागार असो,
प्रत्येक भिंतीवर छातीच्या उंचीला एक आडवी रेघ.
दुसरा रंग असता तर ओल म्हटलं असतं.
तिच्याखाली मी फुगा घेतला
की तारू पांढऱ्या रंगाने बुजवायचे.
"तिथून आवाज येत नाही."

आणि दर अंकात एकदा, कुठल्या तरी बंद दारामागून,
'कोण आहे?'
उत्तर कुणी द्यायचं नाही.
एक्केचाळीस वेळा लिहिलं मी ते.
पोरं शेजाऱ्यांच्या कड्या वाजवून
तेच ओरडत पळायची.

मग घरोघर केबल आली. शेठनी मशीन भंगारात घातलं.
तारू पाठ्यपुस्तकासाठी हृदयाचा उभा छेद काढायला लागले,
चार कप्पे, झडपा, बाण.
मी लग्नपत्रिका.

परवा-परवा म्हणजे सात वर्षांपूर्वी
घोले रोडच्या एका हॉलमध्ये त्यांचा सत्कार झाला.
दाढीवाला एक मुलगा उठला,
"सर, तुमच्या गोष्टींत एवढा अंधार का?"
"काळी शाई स्वस्त होती."
हॉल हसला. मीही.

परतताना ओंकारेश्वराजवळ त्यांनी रिक्षा थांबवली.
मीटर चालूच.
"पानशेत फुटलं तेव्हा आठ वर्षांचा होतो," म्हणाले.
"आई म्हणाली, पिंजऱ्याची कडी काढ आणि पळ.
मी पळालो.
पोपटाला एकच वाक्य यायचं.
दार वाजलं की म्हणायचा."

नदीत पाणी कुठलं, जलपर्णी होती.

"आणि रात्र नव्हती हो ती. भरदिवसा.
सगळं स्वच्छ दिसत होतं.
तेवढं कधी काढता आलं नाही."

तारू गेल्यावर सुनेनं एक पाकीट आणून दिलं.
बेचाळिसाव्या अंकाचं एकच पान.
काळं कुठेच नाही. कोरी भिंत, रेघ,
आणि रेघेच्या खाली
पहिल्यांदाच एक फुगा. रिकामा.
शेपूट कुणाच्या तोंडाकडे नाही,
चौकट ओलांडून खाली आलंय,
मी बसते तिथपर्यंत.

टाक तीनदा बुडवला.
तीनदा वाळला.