डावा स्पीकर

रेवण्णाच्या खोलीत तीन कॉम्प्युटर.
तासाला वीस रुपये,
उजवा स्पीकर फुटलेल्यावर बसलं तर पंधरा.
मी कायम पंधराचा.

सीडीवर स्केचपेननं लिहिलेलं : भुयार.
खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं,
ते लिहायचा रेवण्णाला कंटाळा.

आधी एक गाव लागायचं.
विहीर, भाता विझलेला लोहार, चार मिणमिणत्या खिडक्या
आणि गिटार.
काम मिळेल म्हणून बसून राहिलेल्या माणसानं
तारा नुसत्या चाचपाव्यात, तशी.
इलियास म्हणायचा, चल की बे खाली, मीटर पडतंय.
मी माझ्या तलवारवाल्याला विहिरीपाशी उभा करून ठेवायचो
पाच मिनिटं.
सव्वा रुपया.

मग जिना.
पहिल्या तळात गिटार मागं राहायची,
दुसऱ्यात सूर ठिबकायचे, कुठून ते दिसायचं नाही,
तिसऱ्यात एक बाई, फार आत,
रडायची नाही, गायचीही नाही,
त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी करायची.
बाहेर मे महिना, पत्रा तापलेला,
माउस हातातून निसटायचा घामानं,
आणि माझ्या पाठीवर काटा.

या सगळ्याच्या खाली
गावापासून तळापर्यंत एकच ठोका :
खटक्-धाड, खटक्-धाड.
सांगाडे आले तरी तो, सोनं सापडलं तरी तोच.
मला वाटायचं, हे त्याचं काळीज.
शेवटच्या तळाशी जो बसलाय त्याचं,
ज्याच्यापर्यंत मी कधी पोचलोच नाही.

वीज जायची तेव्हा सगळं एकदम जायचं.
पडदा, बाई, ठोका.
उरायची रेवण्णाची शिवी
आणि गल्लीत आईसकांडीवाल्याची घंटा.

बावीस वर्षांनी, पुण्यात, रात्रपाळीला,
कंपनीच्या महागड्या हेडफोनवर
सापडलं ते संगीत.
उजव्या कानात दुसरी गिटार निघाली!
पहिलीला उत्तर देत होती.
म्हणजे विहिरीपाशी तो माणूस एकटा नव्हता,
इतकी वर्षं मी त्याला उगाच एकटा समजलो.

पण ठोका नाही.
पुन्हा लावलं. आवाज वाढवला.
तिन्ही तळ उतरलो.
नाही.

रेवण्णाची मागची भिंत म्हणजे चिलवेरींचा कारखाना.
सहा माग, चादरी.
भिंतीला टेकलेल्या चौथ्या मागावर, दिवसपाळीला,
माझे वडील.
भिंत मला माहीत होती.
वडील माहीत होते,
पंधरा रुपये त्यांच्याच शर्टाच्या खिशातले असायचे.
फक्त हे सगळं एका जागी ठेवून बघायचं
कधी सुचलं नाही.
कारखान्याला सुट्टी असली की ते घरी,
मग मी कशाला तिकडं फिरकतोय?
वीज गेली की माग थांबायचाच.

गड्ड्याला सोलापूरला गेलो तेव्हा हेडफोन नेले.
वडिलांचा एकच कान चालतो आता,
कोणता ते रोज बदलतं, असं आई म्हणते.
डॉक्टरचं ऐकावं तसं त्यांनी ऐकलं,
तोंडातली भाकरी चावायची थांबवून.
मग काढून माझ्या हातात दिलं.
एम लेदु, म्हणाले.
काहीच नाहीये ह्याच्यात.

मी मोठ्यानं विचारलं, चौथा माग कसा वाजायचा?
काय?
चौथा! माग!
ते माझ्याकडं बघत राहिले,
हा पोरगा आज कुठून हे काढतोय तसे.
मग जेवणाच्या ताटावर पालथा पंजा मारला.
खटक्-धाड.
त्याचा पट्टा सैल होता, म्हणाले, जरा मागं राहायचा,
आणि तसाच, जरा मागं राहून,
खटक्-धाड,
ताटातली शेंगाचटणी उडून सतरंजीवर,
खटक्-धाड,
मी हेडफोन परत कानाला लावतोय
आणि आतून आई ओरडतेय
ताट फोडताय काय ओ?