फणसाला टांगलेला काटा

गुरुवारी गॅसची गाडी मयेत शिरते.
हॉर्न पोदेरासारखाच, फक्त घसा बसलेला.
तिठ्यावरच्या फणसाला पुरसो च्यारीने काटा टांगलेला असतो
आणि मी, एरवी ब्लाउजांची मापं घेणारी,
मांडीवर वही उघडते.

सिलिंडरच्या कानाशी रिकामं वजन लिहिलेलं असतं.
पंधरा पूर्णांक आठ. आत गॅस चौदा पूर्णांक दोन.
पुरसोने हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत
चौतीस वर्षं बीकर धुतले,
बेरीज तो अजून वर्गाला ऐकू जाईल अशी करतो :
तीस!
काटा म्हणतो, अठ्ठावीस पूर्णांक सात.
गाडीवरचा निंगप्पा रस्त्याकडे बघतो.

सुरुवात केरोबिनाच्या भुवयांपासून झाली.
आतलं रबर चिरलेलं,
तपासणीची तारीख उलटून दोन चवथी गेलेल्या.
तिने काडी ओढली
आणि जाळ भिंतीवरच्या सायबिणीपर्यंत चढला.
ती वाचली. भुवया परत आल्या नाहीत.
रविवारी इगर्जीत जाताना ती त्या पेन्सिलीने काढते,
गुरुवारी नाही काढत.
तशीच येते, आणि एकेका सिलिंडरच्या तोंडाला
साबणाचा फेस लावून वाट बघते,
फुगा येतो का.

आम्हाला कोणी नेमलेलं नाही.
बिल्ला नाही, पावतीपुस्तक नाही.
एजन्सीवाला म्हणतो, रिकामटेकडे.
माझ्याकडे अकरा ब्लाउज अडकलेत, त्याला काय माहीत.

काटा लागला म्हटल्यावर गाव आलंच.
फणस मोजून झाले, रेशनचा तांदूळ मोजून झाला
(त्याची वही वेगळी आहे).
सुलक्षाने बाळ दुपट्यात घालून टांगलं,
चार किलो सातशे,
म्हणाली, दुपटं वजा करा हां,
उगाच कोणाची फसवणूक नको.

एकेचाळीस तक्रारी गेल्या.
एजन्सीने एक केलं, तक्रारीमागे दोनशे रुपये
निंगप्पाच्या पगारातून कापले.
हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग पुरसो वर्षाच्या शिक्क्यासाठी
काटा घेऊन डिचोलीला वजनमाप खात्यात गेला.
परत आला तो बसमधून उतरून थेट माझ्या दारात.
पाणी विचारलं, नको म्हणाला.
काटा दोनशे ग्रॅम कमी दाखवतो, म्हणाला.
आपला काटा.

त्या रात्री माझ्या मशीनवर वही ठेवून
आम्ही एकेक ओळ पुन्हा मोजली.
नऊ तक्रारी खोट्या निघाल्या.
बत्तीस उरल्या.
केरोबिना म्हणाली, बत्तीस पुष्कळ आहेत रे,
नवांचं कोण विचारतंय?
पुरसो तिच्याशी बोलला नाही.
नवांची नावं त्याने स्वच्छ अक्षरात उतरवली
आणि नऊ घरांत जाऊन सांगितलं,
तुमचं वजन बरोबर होतं, चूक माझी.
पाचव्या घरी कुत्रं चावायला आलं.

अठराशे रुपये पेन्शनीतले, पाकिटात घालून
तो निंगप्पाच्या खोलीवर गेला. मीही गेले.
चुलीवर भात होता. गॅस नव्हता त्याच्याकडे.
निंगप्पाने नोटा मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
पुरसोला वाईट वाटेल असं मला वाटलं,
पण तो मान हलवत होता,
पोराने प्रयोग नीट केल्यावर हलवायचा तशी.

आता काट्याला नवा शिक्का आहे.
परवाच्या गुरुवारी निंगप्पाने स्वतः सिलिंडर उचलून
आकड्याला अडकवला. फणसाची फांदी करकरली.
पुरसो चष्मा शोधत होता.
निंगप्पा काट्याजवळ गेला, वाकला,
कानाशी लिहिलेलं वाचलं,
ओठांतल्या ओठांत कानडीत बेरीज केली.

मग गाडीच्या ड्रायव्हरकडे पाठ करून
मला म्हणाला,
कमी आहे. लिहा.