कापसाचा बोळा

गोळ्यांची बाटली वाजू नये म्हणून
आत कापसाचा बोळा कोंबायचा,
हे मला कुठल्या नर्सने शिकवलं नाही.
माझी मी शिकले, बारा वर्षांपूर्वी,
सासूच्या तिखट कानांना भिऊन.
आता मी शिकवते, मांगोचीच्या दवाखान्यामागे,
आंब्याखालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर.
गळ्यात ओळखपत्र, पायात थोरल्याचे बूट.
तुझं काम काय, कोणी विचारलं तर सांगते:
माझं नाव आणि त्या बायकांची नावं
एकाच वहीत आहेत, एवढंच.

अलिनाफे आली तेव्हा सातवा महिना.
वय एकोणीस. नवरा सीमेपार, खाणीत.
तिने बोळा घेतला, दोन्ही हातांनी आभार मानले
आणि पुढे सगळं बिनचूक केलं.
तिथंच मी फसले.
रात्री नऊला गोळी म्हणजे नऊला.
बाळाचं सिरप सहा आठवडे, एक दिवस चुकला नाही.
नर्स इतरांना सांगायची, बघा, आई अशी हवी.
मीही मान डोलवायचे.

पण बाळाकडे ती बघायची
शेजारणीने ठेवायला दिलेल्या भांड्याकडे बघावं तशी:
पोचा पडू नये, बस.
पाजताना तोंड दाराकडे.
पातेल्यात न्सिमा थिजून दगड.
आमच्याकडे म्हणतात, ती फार विचार करते,
आणि म्हणणारा आपल्या वाटेने जातो.

बाळाच्या टाचेतले रक्ताचे ठिपके
कागदावर वाळून शहरात गेले,
महिन्याने उत्तर आलं. निगेटिव्ह.
पुढच्या तपासण्या बाकी होत्या, तरी
कट्ट्यावरच्या बायकांनी जिभा नाचवून गजर केला.
अलिनाफेने कागदाची घडी घातली,
घडीची घडी, तिची पुन्हा घडी,
नखाएवढी झाली तेव्हा म्हणाली,
"म्हणजे आता याचं माझ्यावाचून अडत नाही."

टाळ्या वाजवलेले हात
कुठे ठेवावेत, मला कळेना.

उपदेश माझ्याकडे पुष्कळ आहे.
प्रशिक्षणात चहाबिस्किटांबरोबर देतात.
तो घरी ठेवला,
आणि उसिपाची टोपली घेऊन गेले तिच्याकडे.
करंगळीएवढी सुकी मासळी, वाळू झाडत निवडायची.
दोघी चटईवर, मध्ये बाळ.
दिसेनासं होईतो निवडलं.
मग विचारलं, मीठ आहे का विचारावं तसं:
मरावंसं वाटतं का गं?

तिचा हात थांबला नाही.
"दुपारी," म्हणाली.
"दुपारी सरोवर फार जवळ येतं."

मी म्हटलं, माझी विहीर होती.
मुलगी तेव्हा चाळीस दिवसांची.
हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं,
तो गेला तरी.

मग दुपारी वाटून घेतल्या.
सोमवार, गुरुवार माझे. बुधवार वेनेसीचा.
शुक्रवारी सायकलच्या कॅरिअरवर बसून दवाखान्यात,
तिथली एक बाई रक्त न काढता नुसतं ऐकते.
उरलेल्या दिवशी मावशी.
तिला कारण नाही सांगितलं,
दुपारी पोरीला एकटं सोडू नका, इतकंच.

चौथ्या महिन्यात बाळाचा कान वाहू लागला.
घरात दुसरं काही नव्हतं,
तिने बाटलीतलाच बोळा काढून कान पुसला.
रात्री नऊला बाटली उचलली तर
खुळ्ळकन वाजली.
ती दचकली. बाळाने मान वळवली.
तिने पुन्हा वाजवली. मग पुन्हा.
हे तिनेच मला सांगितलं, खाली बघत,
चोरी कबूल करावी तसं.
मी विचारलं, झाकण घट्ट आहे ना?
काय करणार, सवय.

बरी झाली, असं मी लिहिणार नाही.
वहीत त्याला रकानाही नाही.
गेल्या गुरुवारी दार उघडलं नाही.
हाक मारली.
आतून आवाज आला, "आज नको."
बरं, म्हटलं,
आणि तिथेच दाराला पाठ लावून
टोपली उघडली.